ह्यूज पेजेस चालू ठेवायची की बंद? आधी कुठली ते बोल

प्रश्न थोडक्यात असा आहे. महापेच्या डेटा सेंटरमध्ये एक सर्व्हर, २५६ जीबी रॅम, त्यावर पोस्टग्रेस डेटाबेस, त्याचे शेअर्ड बफर्स (सगळ्या कनेक्शन्सची सामाईक कॅश) ६४ जीबी, कनेक्शन्स चारशेच्या आसपास. टीममधला एक जण म्हणतो ह्यूज पेजेस चालू कर, डेटाबेस पळायला लागेल. दुसरा म्हणतो वेडा आहेस का, डेटाबेसवर ती बंदच करायची असतात, सगळे तेच सांगतात. आणि तू मला विचारतोयस की दादा, यातलं खरं कोण बोलतंय, आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आत नेमका करतो काय.

दोघंही खरं बोलतायत, फक्त दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. पेज म्हणजे मेमरीचा ठरलेल्या मापाचा तुकडा, एरवी ४ केबीचा, आणि ह्यूज पेज म्हणजे त्याहून बराच मोठा. लिनक्समध्ये ह्यूज पेजेस या एकाच नावाखाली दोन बिऱ्हाडं आहेत. एक म्हणजे हाताने आकडा देऊन आधीच राखून ठेवायची पेजेस, त्याला ह्यूजटीएलबी म्हणतात, ती कर्नल २.६ च्या जमान्यापासून आहेत. दुसरी ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस, म्हणजे टीएचपी, ती २०११ मध्ये २.६.३८ ला आंद्रेआ आर्कांजेलीच्या कामातून आली, त्यात प्रोग्रॅमला काही सांगावं लागत नाही, कर्नल स्वतःच जमेल तिथे मोठी पेजेस देतो. पहिला मित्र पहिल्या बिऱ्हाडाबद्दल बोलतोय, दुसरा दुसऱ्या. तुझ्या सर्व्हरवर पहिली चालू पाहिजेत आणि दुसरीला फार मोकळं सोडायचं नाही. उत्तर एवढंच आहे, पण का ते कळलं नाही तर पुढच्या सर्व्हरवर परत अडकशील म्हणून सगळंच सांगतो.

तू ऐरोलीचा, तर पत्त्यावरूनच घेऊ. नवी मुंबईतला पत्ता कसा, आधी नोड, मग सेक्टर, मग सोसायटी, मग फ्लॅट. सिडकोने जणू पेज टेबल, म्हणजे प्रोसेसरची पत्ते शोधायची यादी, समोर ठेवूनच शहर आखलंय. इंटेल-एएमडीच्या ६४ बिटवाल्या प्रोसेसरवर पत्त्याचे ४८ बिट वापरात असतात, त्यातले शेवटचे १२ हे ४ केबीच्या पेजच्या आतली जागा सांगतात आणि उरलेल्या ३६ चे नऊ-नऊचे चार तुकडे पडतात. एकेक तुकडा एकेका टेबलातली ओळ दाखवतो, प्रत्येक टेबलात ५१२ नोंदी, नोंद ८ बाइटची, म्हणजे टेबल स्वतःच बरोबर ४ केबीचं. नवीन मशीनवर पाचवी पातळी पण असते, ती सध्या सोड. तर कुठलाही बाइट हवा झाला की प्रोसेसरने नोड, सेक्टर, सोसायटी, फ्लॅट असं चार ठिकाणी विचारत जायचं, याला पेज वॉक म्हणतात, आणि हे दर वेळी करत बसला तर मशीन रांगायला लागेल म्हणून कुरिअरवाल्यासारखे अलीकडे सापडलेले पत्ते तो एका वहीत लिहून ठेवतो. ती वही म्हणजे टीएलबी.

वही छोटी आहे हाच सगळा घोळ. स्कायलेक पिढीच्या इंटेलवर दुसऱ्या पातळीच्या वहीत १५३६ ओळी असतात. ओळीला एक ४ केबीचं पेज धरलं तर एका वेळी फक्त ६ एमबीचे पत्ते लिहिलेले, आणि तुझे बफर्स ६४ जीबी. आता सोसायटीतले ५१२ च्या ५१२ फ्लॅट एकाच मालकाला देऊन टाकले तर कुरिअरवाल्याला फ्लॅट नंबर लागतच नाही, गेट सापडलं की काम झालं. ५१२ गुणिले ४ केबी म्हणजे २ एमबी, हेच ते ह्यूज पेज. शेवटची पातळी गायब, आणि त्याच १५३६ ओळींत ३ जीबी मावतं.

इथपर्यंत सगळे सांगतात आणि इथेच थांबतात, म्हणून लोकांना वाटतं की मोठी पेजेस टाकली की स्पीड दुप्पट. तसं काही होत नाही. पेज टेबलाच्या नोंदी पण प्रोसेसरच्या कॅशमध्ये बसतात, वरच्या पातळ्यांच्या तर वेगळ्या छोट्या कॅश असतात, त्यामुळे बहुतेक वॉक चार वेळा रॅमपर्यंत जातच नाहीत. फायदा किती ते तुझा डेटा किती विखुरलेला वाचला जातो यावर. आधी पर्फ स्टॅट (लिनक्सचं मोजमापाचं टूल) लावून डेटा टीएलबीचे मिसेस, म्हणजे वहीत न सापडलेले पत्ते, आणि वॉकमध्ये गेलेल्या सायकल्स बघ. माझा स्वतःचा हिशोब असा की वॉकमध्ये दोन-तीन टक्क्यांच्या आत सायकल्स जात असतील तर टीएलबीच्या नावाने ओरडायचं कारण नाही. व्हर्च्युअल मशीन असेल तर मात्र गणित फिरतं, कारण गेस्टच्या (आतल्या मशीनच्या) प्रत्येक पातळीचा पत्ता परत होस्टच्या (बाहेरच्या खऱ्या मशीनच्या) चार पातळ्यांतून काढायचा असतो आणि अगदी वाईट वेळी एका वॉकला २४ वेळा मेमरीत जायला लागतं. दोन्हीकडे २ एमबीची पेजेस असली तर तेच १५ वर येतं.

पण तुझ्या केसमध्ये मला टीएलबीपेक्षा दुसरीच भीती वाटते, आणि ती मी भोगलेली आहे.

काही वर्षांपूर्वी एका क्लायंटकडे, जागा रबाळ्याचीच, साधारण तुझ्यासारखंच मशीन होतं. दुपारी लोड चढला की स्वॅप, म्हणजे रॅम पुरेना म्हणून मेमरी डिस्कवर टाकणं, सुरू व्हायचा. मी टॉप कमांड उघडून बेरीज करतोय तर बेरीजच लागेना, पोस्टग्रेसचे ६४ जीबी, थोडं इकडे थोडं तिकडे, आणि तरी तीस-पस्तीस जीबी कुठे गेले ते कुणाच्याच नावावर नाही. दोन दिवस आम्ही मेमरी लीक शोधत बसलो, अॅप्लिकेशनवाल्यांशी भांडलो पण (नंतर त्यांना मामलेदारची मिसळ खायला घालावी लागली). शेवटी प्रॉक डिरेक्टरीखालची मेमइन्फो फाइल (कर्नलचा मेमरीचा हिशोब) शांतपणे वरून खाली वाचली, तेव्हा पेजटेबल्स नावाच्या ओळीसमोर ३८ जीबी दिसले. डेटा नाही काही नाही, नुसत्या पत्त्यांच्या वह्या ३८ जीबीच्या.

हिशोब कर. ६४ जीबी भागिले ४ केबी म्हणजे १,६७,७७,२१६ पेजेस. प्रत्येकाला ८ बाइटची नोंद म्हणजे १२८ एमबी. आता पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस काढतो आणि प्रत्येक प्रोसेसचं पेज टेबल स्वतःचं, बफर्स शेअर्ड असले तरी त्यांचे पत्ते जो तो आपापल्या वहीत लिहितो. ४०० कनेक्शन्सनी सगळे बफर्स एकदा जरी हाताळले तरी १२८ एमबी गुणिले ४००, झाले ५० जीबी. आमचे ३८ वर होते कारण सगळी कनेक्शन्स तेवढी जुनी नव्हती. २ एमबीची पेजेस घेतली तर नोंदी ३२,७६८, प्रत्येक प्रोसेसला २५६ केबी, चारशे जणांचे मिळून १०० एमबी, आणि ह्यूजटीएलबीत तर शेअर्ड मॅपिंगची ही टेबलं प्रोसेसेसना आपसात वाटून घेता येतात त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी. ५० जीबीचे १०० एमबी! स्पीडचं नंतर बघू, इथे आख्खी रॅम परत मिळतेय. (चारशे कनेक्शन्स मुळात कशाला लागतात हा वेगळा प्रश्न आहे, थोडी कनेक्शन्स सगळ्यांत वाटणारा पूलर लावा रे, पण ते दुसऱ्या दिवशी.)

आणि तेव्हा त्या मशीनवर टीएचपी ऑलवेजवर, म्हणजे कायम चालू, होतं! आम्ही सगळे म्हणत होतो की अरे ह्यूज पेजेस तर चालूच आहेत. पण टीएचपीचा तो मुख्य स्विच अॅनॉनिमस मेमरीचा, म्हणजे प्रोसेसच्या खासगी हीपचा वगैरे. शेअर्ड मेमरीसाठी वेगळा स्विच आहे, शमेम-एनेबल्ड नावाचा, आणि तो सहसा नेव्हरवरच असतो. पोस्टग्रेसचे बफर्स शेअर्ड, त्यामुळे ज्याला खरी गरज त्यालाच काही मिळालं नव्हतं.

मग आम्ही व्हीएम.एनआर_ह्यूजपेजेसला, म्हणजे किती पेजेस राखायची त्या सेटिंगला, ३२,७६८ टाकले, बरोबर ६४ जीबी, पोस्टग्रेस रीस्टार्ट केला, आणि खुश होऊन शेवटच्या ट्रान्स-हार्बरने ठाण्याला परत आलो. सकाळी मशीन आधीपेक्षा वाईट. झालं काय, पोस्टग्रेसमध्ये ह्यूज_पेजेस सेटिंग आपोआप ट्राय असतं, म्हणजे मिळाली तर घे, नाही मिळाली तर गपचूप साध्या पेजेसवर चाल. आणि शेअर्ड मेमरी म्हणजे नुसते शेअर्ड बफर्स नाहीत. ६४ जीबीत ८ केबीचे ८३,८८,६०८ बफर्स, प्रत्येकाच्या मागे ६४ बाइटचा डिस्क्रिप्टर, इथेच ५१२ एमबी, म्हणजे २५६ ह्यूज पेजेस जास्तीची लागली, शिवाय हॅश टेबल, लॉक टेबल, वॉल बफर्स वेगळेच. राखलेला साठा कमी पडला, पोस्टग्रेसने एक शब्द न बोलता ४ केबीवर उडी मारली, राखून ठेवलेले ६४ जीबी रिकामे बसून राहिले कारण ते दुसऱ्या कुणाला देता येत नाहीत, आणि त्याच्यावर पोस्टग्रेसने आणखी ६४ जीबी साधी मेमरी घेतली. राखीव डबा रिकामा धावतोय आणि जनरलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, तसली गत.

म्हणून तुला क्रम सांगतो तो सोडू नकोस. पोस्टग्रेस १५ किंवा पुढचा असेल तर शेअर्ड_मेमरी_साइझ_इन_ह्यूज_पेजेस हा आकडा तो स्वतःच देतो, शो करून बघ, त्यात थोडी वाढ धर, शे-दोनशे पेजेस, तेवढी गेली तर गेली. मग एनआर_ह्यूजपेजेसला तो आकडा लिही आणि लगेच परत वाचून बघ, कारण कर्नलला तेवढी जमली नाहीत तर तो एरर देत नाही, जमली तेवढी ठेवतो आणि गप्प बसतो. मग पोस्टग्रेसचं ह्यूज_पेजेस ट्रायवरून ऑनवर ने, म्हणजे पेजेस कमी पडली तर तो स्टार्टच होणार नाही. लोकांना हे घाबरवणारं वाटतं, मला उलट वाटतं, रात्री दोनला तुझ्यासमोर न उठलेला डेटाबेस परवडला पण चार दिवसांनी दुपारी बसणारा नाही परवडत.

स्टार्ट झाल्यावर मेमइन्फोत ह्यूजपेजेसच्या ओळी बघ. टोटल, फ्री, रिझर्व्ह्ड. नवीन लोक फ्रीवाला आकडा मोठा दिसला की घाबरतात, पण पोस्टग्रेस पेजेसना हात लावेल तशी ती खऱ्या अर्थाने भरली जातात, तोवर ती फ्रीमध्येच दिसतात आणि रिझर्व्ह्डमध्ये त्यांचं बुकिंग दिसतं. फ्री आणि टोटल सारखे आणि रिझर्व्ह्ड शून्य, असं दिसलं तर समज की कुणी वापरतच नाहीये, आमचा तोच सीन होता.

दुसऱ्या टोकाची पण चूक बघितलीय. एकाने दुसऱ्या एका २५६ जीबीच्या मशीनवर १,२०,००० पेजेस टाकली, "जास्त असलेली बरी" म्हणून. ते होतात २३४ जीबी. मशीन बूट झालं पण उरलेल्या मेमरीत बिचारं ओएस चालेना, ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग, एकेकाला उडवत सुटला, एसएसएच पण गेलं, शेवटी डेटा सेंटरला माणूस पाठवावा लागला. राखीव पेजेस स्वॅप होत नाहीत हे डेटाबेससाठी चांगलंच आहे, पण त्याचाच अर्थ असा की अडचण आली तरी कर्नल त्यांना हात लावू शकत नाही. आणि दोन सॉकेटचं मशीन असेल तर तो आकडा दोन्ही न्यूमा नोड्सवर (एकेक प्रोसेसर आणि त्याच्या जवळची रॅम) अर्धा-अर्धा वाटला जातो, हेही ध्यानात असू दे. प्रत्येक नोडचा वेगळा आकडा सिस डिरेक्टरीखाली लिहिता येतो.

आता हे सगळं मशीन बूट झाल्या झाल्या कर असं का म्हणतात ते. २ एमबीचं पेज द्यायला सलग २ एमबी रिकामी जागा लागते, आणि तीही २ एमबीच्या हद्दीवर सुरू होणारी. महिनाभर चाललेल्या मशीनवर फ्री मेमरी ४० जीबी दिसेल पण सगळी विखुरलेली, प्रॉकखालची बडीइन्फो बघितलीस तर डावीकडचे छोटे तुकडे हजारोंनी आणि उजवीकडे शून्य शून्य. नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगच्या रीडेव्हलपमेंटसारखं आहे हे. भाडेकरू तयार असतील तर त्यांना दुसरीकडे हलवून बिल्डिंग रिकामी करता येते, कर्नल हेच करतो, त्याला कॉम्पॅक्शन म्हणतात, ते २०१० मध्ये मेल गोर्मनच्या कामातून आलं. पण एक सभासद असा असतो की तो काही केल्या सही करत नाही. कर्नलच्या स्वतःच्या स्लॅबची (त्याच्या छोट्या नोंदींच्या साठ्याची) बरीचशी पेजेस, पेज टेबलं, ही तशी, जागची हलवता येत नाहीत. ५१२ फ्लॅटमध्ये असा एक जरी बसला की आख्खी बिल्डिंग अडली. कर्नल बिचारा अशा हट्टी लोकांना वेगळ्या ब्लॉक्समध्ये एकत्र ठेवायचा प्रयत्न करतो, पण मेमरी टंचाईत ते कुठेही घुसतात. म्हणून आकडा सिसकंट्रोलच्या फाइलमध्ये किंवा बूट लाइनवर टाक आणि एकदा रीबूट करून घे. १ जीबीवाली पेजेस तर कर्नलच्या पेजेस वाटणाऱ्या बडी अॅलोकेटरच्या आवाक्याबाहेरचीच आहेत, तो एका वेळी ४ एमबीपर्यंतच सलग जागा सांभाळतो, त्यामुळे ती बूटलाच मागायची. तुला ती नकोत, ती मोठ्या व्हर्च्युअल मशीन्स आणि डीपीडीके (वेगवान नेटवर्किंगची लायब्ररी) वापरणाऱ्यांची गोष्ट, आणि स्कायलेकच्या त्याच दुसऱ्या वहीत १ जीबीसाठी फक्त १६ ओळी असतात हे पण बघ.

आता दुसऱ्या मित्राचं, टीएचपीचं. याचं नाव खराब झालं ते फुकट नाही झालं. तीन कारणं होती. पहिलं, पेज फॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅमला अजून न मिळालेलं पेज लागणं, झाल्या झाल्या सलग जागा नसेल तर तिथल्या तिथे कॉम्पॅक्शन करायला घ्यायचं, म्हणजे तुझी क्वेरी थांबलीय आणि कर्नल भाडेकरू हलवतोय. व्हीएमस्टॅटमध्ये कॉम्पॅक्ट_स्टॉल वाढत असेल तर हेच चाललंय. ४.६ कर्नलपासून डिफ्रॅगचं मूळ सेटिंग मॅडव्हाइस झालं, ज्याने मागितलं त्याच्यासाठीच थांब, त्यामुळे हा त्रास बराच गेला. दुसरं, फुगवटा. के-ह्यूजपेज-डी नावाचा एक थ्रेड मागे फिरत असतो आणि छोटी पेजेस जोडून मोठं करतो, आणि त्याचं मॅक्स_पीटीईएस_नन मुळात ५११ वर असतं, याचा अर्थ ५१२ पैकी एकच फ्लॅट वापरात असला तरी तो आख्खी बिल्डिंग नावावर करून देतो. प्रोग्रॅमच्या मेमरी अॅलोकेटरने मधली जागा कर्नलला परत केली तरी हा येऊन परत भरतो. तिसरं रेडिस या मेमरीतल्या डेटाबेसवाल्यांचं, ते स्नॅपशॉटसाठी फोर्क करतात, म्हणजे प्रोसेसची प्रत काढतात, पेजेस बदलेपर्यंत दोघांत सामाईक, आणि मग पॅरेंटने एक बाइट बदलला की ४ केबीऐवजी २ एमबी कॉपी व्हायचे.

गंमत म्हणजे हे तिसरं कारण ५.८ कर्नलपासून बदललंय, आता तिथे मोठं पेज फोडून फक्त ४ केबीच कॉपी होतं. मोंगोडीबी तर वर्षानुवर्षं टीएचपी बंद करा सांगत होतं आणि ८.० पासून चालू ठेवा सांगतं, कारण त्यांचा मेमरी अॅलोकेटर बदलला. म्हणून "सगळे बंद करा सांगतात" यावर माझं म्हणणं एवढंच की कुठल्या वर्षी सांगितलं आणि कुठल्या कर्नलवर, ते आधी विचार. ६.८ पासून तर ४ केबी आणि २ एमबीच्या मधले आकार पण आलेत, १६, ३२, ६४ केबी वगैरे, प्रत्येकाचा वेगळा स्विच, आणि आर्मवर ६४ केबीचा खरा फायदा दिसतो कारण तिथे सलग १६ पेजेस एका टीएलबी नोंदीत बसवता येतात. हे मी अजून प्रॉडक्शनला लावलेलं नाहीये, घरच्या मशीनवर खेळतोय.

तुझ्या सर्व्हरवर टीएचपी नेव्हर करू नकोस, मॅडव्हाइस ठेव. ज्याला हवं तो मागून घेईल, बाकीच्यांना त्रास नाही. सध्या काय आहे ते सिसखालच्या एनेबल्ड फाइलमध्ये चौकटी कंसातल्या शब्दावरून कळेल, ते डिस्ट्रोप्रमाणे बदलतं.

तू कर्नलबद्दल विचारलं होतंस ते राहिलं. कर्नल स्वतःसाठी मोठी पेजेसच वापरतो, कुणाला न विचारता. सगळी रॅम तो आपल्या पत्त्यांत एकदा सरळ मांडून ठेवतो, डायरेक्ट मॅप, आणि ती जमेल तिथे १ जीबी नाहीतर २ एमबीच्या पेजेसनी. मेमइन्फोच्या तळाशी डायरेक्टमॅपच्या तीन ओळी दिसतील, ४ केबी, २ एमबी, १ जीबी. नवीन बूट झालेल्या आणि वर्षभर चाललेल्या मशीनच्या या ओळी शेजारी ठेवून बघ, जुन्यावर ४ केबीवाली वाढलेली असते, कारण एखाद्या मॉड्यूलच्या किंवा बीपीएफच्या (कर्नलमध्ये चालणारे छोटे प्रोग्रॅम) कोडसाठी एका पेजची परवानगी बदलायची झाली की ते मोठं पेज फोडावं लागतं, आणि फुटलेली बऱ्याचदा फुटलेलीच राहतात.

रीबूट रविवारी रात्री घे, आणि आजच दुपारच्या लोडला पेजटेबल्सची ओळ लिहून ठेव म्हणजे नंतर मॅनेजरला दाखवायला आधीचा आकडा असेल. स्टार्ट झाला की टोटल, फ्री, रिझर्व्ह्ड तिन्ही आकडे मला पाठव, मी जागा असेन.